परसातील माड उतरवताना

कावेरीच्या सुपीक प्रदेशात तंजावर ते कुंभकोणम या लोहमार्गावर पापनाशम हे तालुक्याचे गाव आहे. तेथील मंदिराच्या आवारातील नायककालीन विटांचे धान्यकोठार या भूमीच्या समृद्धीची साक्ष देते. भातशेतीइतकीच येथील ओळख आहे ती माडांची. जुन्या वस्तीत घरांच्या भिंती एकमेकींना लागून असतात आणि मागील अरुंद परसात विहिरीशेजारी एखादा माड उभा असतो. घर बांधले तेव्हा तो रोपटे होता. आज तो २० मीटर उंच आहे आणि त्याच्या चहूबाजूंना छपरे, विजेच्या तारा व पाण्याच्या टाक्या आहेत. असा वृक्ष काढावा लागला तर तो कसा काढावा?

प्रथम, तो काढणे खरोखर आवश्यक आहे काय, हे पाहावे. पुष्कळदा वाळलेल्या झावळ्या व नारळ वेळच्या वेळी उतरवले की धोका टळतो. परंतु बुंध्यातून तांबूस-तपकिरी द्रव पाझरत असेल किंवा बुडाशी कवकाची छत्रे उगवली असतील, तर प्रश्न गंभीर होतो. ही गॅनोडर्मा या कवकाने होणाऱ्या मूळकुजीची लक्षणे होत. १९५० च्या दशकात तंजावर जिल्ह्यात या रोगाचा मोठा प्रादुर्भाव झाल्याने तो आजही 'तंजावर विल्ट' या नावाने ओळखला जातो. अशा माडाची मुळे व बुंधा आतून कुजतात. वरून मात्र तो काही काळ हिरवा दिसतो. ईशान्य मोसमी पावसात भिजलेली माती आणि वादळी वारा एकत्र आले की तो कोसळू शकतो. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी आलेल्या गजा चक्रीवादळात जिल्ह्याच्या दक्षिणेकडील पट्टुकोट्टै, पेरावूरणी या भागांत माडांच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या होत्या.

मोकळ्या शेतात झाड एका बाजूस पाडता येते. त्यासाठी झाडाच्या उंचीहून बरीच अधिक मोकळी जागा लागते. परसात ती नसते, म्हणून येथे झाड 'पाडत' नाहीत, 'उतरवतात'. आधी त्या भागातील वीजपुरवठा वीज कंपनीकडून बंद करून घेतात. मग नारळ, झावळ्या आणि शेंडा, या क्रमाने वरचा भार कमी करतात. त्यानंतर खोडाचे लहान तुकडे कापून प्रत्येक तुकडा दोराने बांधून सावकाश खाली सोडतात. दोराचे काही वेढे खोडाभोवती दिले की घर्षणामुळे खालचा माणूस मोठे वजनही आवरू शकतो.

तुकडे लहान का हवेत, हे साध्या गणिताने कळते. ओल्या लाकडाचे वजन साधारण पाण्याइतके धरले, तर ३० सेंटिमीटर व्यासाचा एक मीटर तुकडा सुमारे ७० किलोचा भरतो. व्यास दुप्पट म्हणजे ६० सेंटिमीटर असेल, तर तेवढ्याच लांबीचे वजन चौपट, म्हणजे सुमारे २८० किलो होते. आंबा, चिंच यांसारख्या वृक्षांच्या बाबतीत हा हिशेब विशेष ध्यानात ठेवावा.

सर्वांत महत्त्वाची दक्षता माणसाच्या जिवाची. बुंधा कुजलेल्या माडावर कोणालाही चढवू नये. चढणाऱ्याचे वजन, करवतीचे धक्के आणि शेंडा सुटताना बसणारा हेलकावा त्या बुंध्यास सोसत नाही. तेथे क्रेन किंवा स्वतंत्र पाळणा वापरावा. गल्ली अरुंद असल्यास शेजाऱ्यांच्या संमतीने त्यांच्या आवारातून वाट घ्यावी. कमी मजुरीचा प्रस्ताव स्वीकारून हा धोका पत्करणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर केलेली काटकसर होय.

कायद्याचे भानही हवे. महाराष्ट्राच्या नागरी भागात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार खासगी आवारातील झाडासही पूर्वपरवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या वृक्षांना 'वारसा वृक्ष' मानले आहे. अन्य राज्यांतील ग्राहकांनी स्थानिक संस्थेकडे चौकशी करावी.

राहिला आर्थिक भाग. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित विमा पॉलिसीत वादळाबरोबरच झाड पडून घराला होणाऱ्या हानीचाही समावेश आहे. ढिगारा हटवण्याचा खर्चही दाव्याच्या रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतो. मात्र उभे धोकादायक झाड काढण्याची मजुरी हा मालकाचाच खर्च होय. गृहकर्ज घेतलेल्या ग्राहकांनी आपल्या पॉलिसीचे नूतनीकरण झाले आहे ना, हे पावसाळ्यापूर्वीच पाहून ठेवावे.

माडाला आपण कल्पवृक्ष म्हणतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्याने दिले, त्याला निरोप देतानाही घाई नसावी. आणि त्याच्या जागी, भिंतीपासून पुरेशा अंतरावर, एक रोप अवश्य लावावे.