पूल बंद, दुकान चालू

पहाटे 4:45

डिसेंबरातली अमरावतीची थंडी हातापेक्षा पान्ह्याला जास्त लागते. कुलूप काढून शटर वर करेपर्यंत दूधवाला दादा येऊन उभा. सायकल नेहमीचीच, काळी, चोवीस इंची. दोन्ही बाजूंना कॅन लटकलेले.

"भाऊ, हवा पाहून द्या. अन् त्या खांबाचं काही करा लागते. काल कॅन घासून गेला नं."

माझं दुकान हमालपुऱ्याच्या अंगाला, रेल्वेच्या उड्डाणपुलाजवळ. राजकमल चौकात उतरणारा हा पूल साठी ओलांडलेला. ऑगस्ट 2025 मध्ये धोकादायक ठरला आणि वाहतूक थांबली. जुना पाडून नवा बांधायच्या गोष्टी तेव्हापासून चहाच्या टपरीवर रोज होतात. दादाचे रतीब अंबादेवीकडच्या गल्ल्यांत. पूल होता तेव्हा तो चढावर उतरून सायकल ढकलायचा आणि पलीकडे ब्रेक दाबत घरंगळत जायचा. आता इर्विन चौकाकडून वळसा, नाहीतर राजापेठेकडून. त्यातला थोडा तुकडा वाचवायला आमच्या मागची बोळ आहे. पण पूल बंद झाल्यावर मोटरसायकली तिथून सुसाट निघायला लागल्या, म्हणून राहणाऱ्यांनीच तोंडाशी दोन लोखंडी खांब ठोकले. मोटरसायकली अडल्या. दादाही अडला.

टेप लावला. खांबांमधलं अंतर तीस इंच. दादाची सायकल कॅनसकट साडेतेहेतीस.

"रात्री आणून द्या, कॅन आत घेऊन पाहू," म्हटलं.

सकाळी 6:15

पेपरवाली पोरं. यांच्याशी बोलायला वेळ नसतो, त्यांनाही नसतो. एकाची चेन उतरलेली, दुसऱ्याला ब्रेकचे रबर हवेत. पूर्वी माझ्याकडे चढाची कामं यायची: कॉटर पिन झिजली, पायडलचे छर्रे फुटले, फ्रीव्हील घसरते. आता येतात ती गर्दीची. दर दहा पावलांना ब्रेक, म्हणून रबर संपतात. ऑटो आणि कार मधला रस्ता धरतात, सायकल कडेला ढकलली जाते, आणि कडेलाच काच, खिळे, गिट्टी. शहराची वाहतूक कशी बदलली हे मोजायला कॅमेरे लावतात म्हणे. माझ्या पंक्चरच्या घमेल्यातलं गढूळ पाणी पाहिलं तरी कळेल.

सकाळी 8:30

बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब फिरून परतताना माझ्या बाकावर बसतात. आज मीच विषय काढला. म्हटलं, साहेब, ट्रक बंद करा, बस बंद करा, कार बंद करा, सगळं पटतं. पण सायकल? माणूस आणि सायकल मिळून शंभर किलो. वीस-पंचवीस टनांचा ट्रक पेलणारा पूल शंभर किलोला भितो काय?

साहेबांनी चहा संपवला, मग बोलले. "तू एका सायकलचं सांगून राह्यला. पूल एका माणसाला भीत नाही, गर्दीला भितो. पुलावरच्या पायवाटेसाठी आमच्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात चौरस मीटरला 400 किलो धरतात, अन् गर्दी होण्यासारखी जागा असली त 500. म्हणजे एका चौरस मीटरात सात-आठ माणसं. खांद्याला खांदा."

मग कुंडमळ्याचं निघालं. 15 जून 2025, रविवार. पुणे जिल्ह्यातल्या इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला, चार जण गेले. तिथे ट्रक कुठे होता? माणसं आणि काही दुचाक्या, एवढंच. त्यानंतर पुढच्याच महिन्यात, 9 जुलैला, गुजरातमध्ये गंभीरा पूल तुटला. अशा उन्हाळ्या-पावसाळ्यानंतर कोणता अधिकारी 'सायकली जाऊ द्या' म्हणून सही करील? माझं तोंड थोडं बंद झालं, हे खरं.

थोडंच. कारण साहेबांचाच हिशोब मी त्यांना उलटा करून दाखवला. सायकल सहा फूट लांब, दोन फूट रुंद. चालती असली तर पुढे-मागे जागा सोडते. म्हणजे चौरस मीटरला शंभर किलोही पडत नाहीत. दादाच्या दुधासकट धरा, तरी दीडशे-दोनशे. गर्दीचं वजन उभ्या राहणाऱ्या माणसांचं असतं. सायकलवाला पुलावर उभा कशाला राहील, त्याला कामावर जायचं असतं. साहेब हसले. "बरोबर आहे. पण मोजून सोडाले माणूस लागते. खाली रेल्वे आहे. पुलाच्या कोणत्या भागाचं काय झालं हे तपासल्याशिवाय ते शंभर किलोही कोणी सोडणार नाही."

लंडनचा हॅमरस्मिथ पूल त्यांना तोंडपाठ. 1887 चा, लोखंडी, थेम्स नदीवरचा. एप्रिल 2019 मध्ये भेगांमुळे मोटारी बंद केल्या, पण चालणारे आणि सायकलवाले सुरूच ठेवले. ऑगस्ट 2020 मध्ये उन्हाच्या तडाख्यात भेगा वाढल्या, तेव्हा सगळंच बंद. खालून बोटीसुद्धा नाहीत. जुलै 2021 मध्ये पायी आणि सायकलला पुन्हा मोकळा. म्हणजे तिथेही सायकलला माफी नव्हतीच. फरक एवढा की पूल तपासताना 'मोटार चालेल का' हा एक प्रश्न आणि 'सायकल चालेल का' हा दुसरा प्रश्न, असं वेगवेगळं विचारलं गेलं. आपल्याकडे 'वाहतूक बंद' या दोन शब्दांत ट्रकही गेला आणि दूधवालाही गेला.

माझं भांडण पूल बंद केल्याशी नाही, ते तेव्हाच मिटलं. भांडण पर्यायी रस्त्याच्या नकाशाशी आहे. तो नकाशा इंजिन डोळ्यांपुढे ठेवून काढलेला असतो. कारला दोन किलोमीटरचा फेरा म्हणजे पाच मिनिटं आणि थोडं पेट्रोल. सायकलला तो पायांनी भरावा लागतो, तोही त्याच कारच्या शेजारून.

सकाळी 11:00

शाळेच्या पोरी, कॉलेजची पोरं. पंक्चर, पंक्चर, ट्यूब बदल, पंक्चर. एकीची ट्यूब पाण्यात बुडवली तर तीन ठिकाणी बुडबुडे.

"काका, आईनं सांगितलं उद्यापासून ऑटोनं जा."

हे मला पंक्चरपेक्षा लागलं. धंद्यासाठीही, पण नुसतं तेवढ्यासाठी नाही. पूल आज ना उद्या होईल. तोवर ऑटोत बसलेली पोरगी पुन्हा सायकलवर येत नसते.

दुपारी 1:00

भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. शटर अर्धं खाली.

दुपारी 3:30

टायर-ट्यूबचा माल आणायला स्वतः निघालो. कॅरिअरला दोरी, रिकामं पोतं. स्टेशन चौकापर्यंत ठीक. तिथून इर्विन चौकाकडे वळलं की पाय जमिनीला टेकवत जावं लागतं. संत्र्यांचे हातगाडे, मधोमध थांबलेला ऑटो, उलट्या बाजूने येणारी मोटरसायकल, आणि सगळ्यांना एकाच वेळी वाजवायचा असलेला हॉर्न. मालवीय चौकातून जयस्तंभाला पोचलो तेव्हा घाम आला होता, डिसेंबरात.

एक गोष्ट मात्र जुन्या पुलाची तरफदारी करणाऱ्यांनी ऐकून घ्यावी. तो पूल तरी सायकलसाठी कुठे होता? रोड्स काँग्रेसच्याच सायकलमार्गाच्या नियमात 1:30 चा चढ असेल तर तो 90 मीटरपेक्षा लांब नसावा, असं आहे. म्हणजे तीस पावलं चाललं की एक पाऊल वर, आणि तेही थोडाच वेळ. आपल्या उड्डाणपुलांवर दूधवाला, भंगारवाला, गॅसची टाकी बांधलेला पोऱ्या, सगळे उतरून ढकलतात. ते काय हौसेनं? नव्या पुलाचा नकाशा कागदावर आहे तोवरच तिथे सायकलची कड आखता येते. काँक्रीट पडल्यावर पांढरा पट्टा मारतात आणि त्यावर कार लावतात.

माल घेतला. परतताना राजापेठेकडून आलो. अंतर जास्त, शिव्या कमी.

संध्याकाळी 6:30

मुंबईच्या अंबा एक्स्प्रेसची वेळ झाली की स्टेशनकडचा रस्ता बॅगांनी भरतो. नातेवाईक सोडायला येतात, एका माणसामागे चार. याच वेळेला मजूर कामावरून परततात, बहुतेक सायकलीवर, बहुतेकांच्या मागे दिवा नाही. आमच्या वडिलांच्या काळी नगरपालिका सायकलवर कर घ्यायची, बिल्ला लावावा लागायचा आणि रात्री दिवा नसला तर पोलीस अडवायचा. कर गेला हे बरं झालं. त्याबरोबर सायकलवाल्याकडे पाहणाराही गेला.

मागच्या मडगार्डला लावायची लाल चकती मी जवळ ठेवतो. दहा रुपयांची. बिनदिव्याचा दिसला की बोलावून लावून देतो. कोणी पैसे देतं, कोणी 'उद्या देतो भाऊ' म्हणतं.

रात्री 8:00

अकोल्याहून साडूचा फोन. तो मूळचा अकोटकडचा, त्यामुळे बंद पुलाच्या बाबतीत आमच्यापेक्षा ज्येष्ठ. अकोला-अकोट रस्त्यावर गांधीग्रामला, जिथे श्रावणात राजराजेश्वरासाठी कावडीत पूर्णेचं पाणी भरतात, तिथला ब्रिटिशकालीन पूल ऑक्टोबर 2022 मध्ये तडे गेल्यामुळे बंद झाला. पुढच्याच महिन्यात अकोला-अकोट ब्रॉडगेज गाडी सुरू झाली आणि लोकांचा जीव थोडा भांड्यात पडला.

"माणसाची सोय झाली," साडू म्हणाला. "पण अलीकडून पलीकडे वावरात जाणाऱ्याचं काय? सायकल लगेजमध्ये बुक करून कोण जाते वावरात?"

"मग काय केलं लोकांनी?"

"ज्याच्यापाशी पैसे होते त्यानं मोटरसायकल घेतली. ज्याच्यापाशी नव्हते तो फेऱ्यानं गेला. तुमच्याइथं बी हेच होईन, पाहून घेजा."

रात्री 9:00

दादा सायकल घेऊन हजर. कॅनचे हूक कॅरिअरच्या बाहेरच्या सळईवर होते. ते कापून आतल्या पट्टीवर घेतले. शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्यानं दुकान बंद करता करता चार टाके मारून दिले, पैसे घेतले नाहीत. कॅन थोडे वर उचलून कॅरिअरच्या अंगावर टेकवले, मध्ये जुन्या ट्यूबची गादी दिली, म्हणजे खडखड नको. वजन वर गेलं की सायकल डुलते, तेव्हा मागचे स्पोक कसले आणि स्टँड दुहेरी लावला.

टेप लावला. साडेएकोणतीस.

बोळीच्या तोंडाशी नेऊन पाहिली, रिकामे कॅन लावून. दोन्हीकडे पाव पाव इंच. दादा हळूच पलीकडे गेला, वळला, परत आला.

"जमलं," मी म्हटलं.

"जमलं त खरं भाऊ," दादा खांबाकडे पाहत म्हणाला, "पण अंधारात तिकून दुसरा दूधवाला आला त आमच्यातला मांगं कोणं सरकाचं?"