तार छेडावी कुठे?

गिटार शिकणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: सी, जी, ए मायनर, अगदी एफसुद्धा, सगळे कॉर्ड धरता येतात, स्ट्रमिंगही जमतं. पण पिक बाजूला ठेवून बोटांनी एकेक तार छेडायला घेतली की आवाजाचा भरवसा नाही. कधी मधाळ, तर कधी पत्र्याचा डबा बडवल्यासारखा. गिटार तीच, कॉर्ड तोच. आता चांगली महागडी गिटार घ्यावी का?

या कारणासाठी तरी घेऊ नये. दोष गिटारचा नाही, उजव्या हाताचा आहे. शिकाऊ वादकाचं सगळं लक्ष डाव्या हातावर असतं, आणि त्यात नवल नाही. बार कॉर्ड धरताना दुखतो तो डावा हात, घट्टे पडतात तेही डाव्याच बोटांना. पण कोणता स्वर वाजणार एवढंच डावा हात ठरवतो. तो स्वर कानाला कसा लागणार, हे उजव्या हाताचं बोट तारेला कुठे भेटतं यावर ठरतं. त्यामागचा नियम सव्वादोनशे वर्षांपूर्वी एका इंग्रज डॉक्टरने सांगून ठेवला आहे. गिटारच्या क्लासात मात्र त्याचं नाव कुणी घेत नाही.

आधी तारेचं पाहू. बोटाने ओढली की तार त्रिकोणी होते आणि बोटाच्या जागी कोपरा तयार होतो. सोडली की तो कोपरा जागच्या जागी वर-खाली होत नाही. त्याचे दोन होतात, एक ब्रिजकडे धावतो, दुसरा गळ्याच्या टोकाच्या नटकडे, आणि तिथे आपटून दोघेही उलटे फिरतात. गिटारची तार साधारण ६५ सेंटिमीटर, म्हणजे एक फेरी १३० सेंटिमीटरची. सगळ्यात जाड ई तार सेकंदाला ८२ वेळा कंप पावते, तेव्हा तिच्यावरचा कोपरा सेकंदाला १०७ मीटर धावला. बारीक ई तारेवर हाच हिशेब ४२८ मीटरवर जातो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे त्या बारीक तारेवरची लहर ध्वनीलाही मागे टाकते. डोळ्यांना दिसतो तो नुसता पुसट पट्टा, आणि आपण म्हणतो तार थरथरतेय.

कंपणाऱ्या तारेची वाट उजेडात डोळ्यांनी टिपली ती थॉमस यंगने. प्रकाश लहरींचा बनलेला आहे हे दाखवणारा, दोन फटींच्या प्रयोगाचा, यंग्ज मॉड्युलसचा, रोझेटा शिळेवरच्या लिपीशी झटणारा यंग हाच. पेशाने डॉक्टर. १८०० साली, सत्तावीस वर्षांचाही नसताना, रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये त्याचा ध्वनी आणि प्रकाश यांवरचा निबंध छापून आला. त्यात एक प्रयोग आहे. उपकरण म्हणाल तर घरातला पियानो. त्यातली खालच्या स्वराची अशी एक तार घ्यायची, जिच्यावर चांदीचा मुलामा दिलेली बारीक तार गुंडाळलेली आहे. खिडकीतून येणारा उजेड एवढा अरुंद करायचा, की गुंडाळीच्या प्रत्येक वेढ्यावर एक लखलखीत ठिपका दिसावा. मग तार वाजवायची. ठिपका पळू लागतो आणि डोळ्यांना त्याची वाट उजेडाची रेघ होऊन दिसते. अंधारात जळतं कोलीत फिरवलं की दिसते तशी, ही उपमा खुद्द यंगचीच. त्या रेघा त्याने सूक्ष्मदर्शकातून न्याहाळल्या आणि त्यांच्या आकृत्याही काढल्या. सरळ रेघ क्वचितच दिसे; वेटोळी, फुलं, गुंतवळ असं काय काय. तार एकाच पातळीत हलत नाही हे त्या आकृत्यांवरून उघड होतं.

गिटारवादकाच्या कामाचा नियम याच निबंधातून आला. तारेच्या प्रत्येक स्वरात मूळ स्वराबरोबर त्याची दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनंही असतात. या प्रत्येक हार्मोनिकचे तारेवर काही स्थिर बिंदू असतात. त्या जागी तो हार्मोनिक तारेला हलवत नाही. यंगने सांगितलं की ज्या जागी एखाद्या हार्मोनिकचा स्थिर बिंदू आहे, तिथेच तार छेडली तर तो हार्मोनिक उठतच नाही. जिथे तो मुळी हलत नाही, तिथून त्याला हलवणार कसं?

आता गिटार मांडीवर घ्या. बाराव्या फ्रेटच्या वर, बरोबर मध्यावर छेडा. दुसरा, चौथा, सहावा असे सगळे सम हार्मोनिक गायब होतात. आवाज गोल, पोकळ, बासरीच्या वळणाचा. ब्रिजपासून सोळा सेंटिमीटरवर छेडा, म्हणजे तारेच्या चौथ्या हिश्शावर. बहुतेक गिटारींत इथे भोक येतं. इथे चौथा, आठवा, बारावा वगळता बाकीचे हजर, म्हणून आवाज भरलेला. आता ब्रिजपासून जेमतेम तीन सेंटिमीटरवर या. इथे पहिला गळणारा हार्मोनिक विसाच्याही पुढचा. त्याआधीचे सगळे दाटीवाटीने उभे, आणि मूळ स्वराचा वाटा घटलेला. हाच तुमचा पत्र्याचा डबा. नजर डाव्या हातावर खिळलेली असते, तेवढ्यात उजवा हात नकळत ब्रिजकडे घसरतो. बाकी काही झालेलं नसतं.

यात आणखी एक मेख आहे, आणि ती मला फार आवडते. डाव्या हाताने फ्रेट दाबला की तार आखूड होते. उजवा हात भोकावरच ठेवून पाचवा फ्रेट दाबला, तर तार जवळपास पाऊणच उरते आणि तेच सोळा सेंटिमीटर तिचा तिसरा हिस्सा होतात. बाराव्या फ्रेटवर तीच जागा तारेचा मध्य बनते. म्हणजे धून वर चढत जाते तसा, उजवा हात न हलवताही, स्वर गुबगुबीत होत जातो. मुरलेले वादक वर जाताना उजवा हात किंचित ब्रिजकडे नेतात. त्यांना यंग ठाऊक असेलच असं नाही; कानाला ठाऊक असतं.

पुढे हेल्महोल्ट्झने १८६३ च्या आपल्या ग्रंथात हे सगळं गणितासकट मांडलं, आणि तेव्हापासून नियमाला दोघांची नावं लागली. रंगदृष्टीच्या सिद्धान्ताचंही तसंच झालं.

या नियमाला जिथे तडा गेला ती जागा आपल्या घरातली आहे. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कोलकात्यात भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटेखानी निबंध लिहिला. तंबोरा आणि वीणा त्यांनी तपासल्या. तारेवर नेमका एखाद्या हार्मोनिकचा स्थिर बिंदू गाठून छेडलं, तरी तो हार्मोनिक खणखणीत ऐकू येत होता! यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या हिशेबाने तो तिथे असायलाच नको. कारण होतं घोडीत. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उताराची. तारेखाली सूत सरकवून जवारी लावली की कंप पावताना तार त्या उताराला सतत घासत राहते, आणि जे हार्मोनिक छेडताना उठले नाहीत ते तिथे नव्याने उठतात. गिटारच्या ब्रिजवरची पट्टी अरुंद. तार तिच्यावरून टोकदारपणे सुटते, म्हणून तिथे यंगचं राज्य चालतं. गिटारची तार फ्रेटला घासून करकरली तर आपण दुरुस्तीला नेतो. मिरजेचे कारागीर तेच घासणं तासन्‌तास खपून, केसभर इकडे तिकडे करत मुद्दाम साधतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा बातम्या भोपळ्याच्या आणि लाकडाच्या झाल्या. खरी करामत त्या बोटभर उतारात आहे. दरवर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या भाषणांत रामन परिणामाची उजळणी होते. तंबोऱ्यावरचे रामन तिथे कधी भेटत नाहीत, हे मला नेहमी खटकतं.

जागेनंतर बोट. तारेवरचा कोपरा जितका टोकदार, तितके वरचे हार्मोनिक जास्त. नखाने टोकदार कोपरा होतो, बोटाच्या मांसल भागाने बोथट. यावरून एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये दोन स्पॅनिश वादकांचे दोन पंथ होते. फर्नांदो सोर नखं न लावता वाजवायचा, दिओनिसिओ आग्वादो नखांनी. दोघे मित्र, एकत्र वाजवणारेही. सोरने दोघांसाठी लिहिलेल्या रचनेचं नावच ‘दोन मित्र’. भौतिकशास्त्राचा कौल कुणाच्याच बाजूने नाही. स्टीलच्या तारा नखं खातात, एवढं मात्र अनुभवाने कळतं.

राहिला बोटांच्या स्वतंत्र हालचालीचा प्रश्न. तळवा टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट आत दुमडा आणि अनामिका उचलून पाहा. उचलत नाही. हाताच्या पाठीवर तिचे स्नायुबंध शेजारणींशी जोडलेले आहेत. म्हणून फिंगरपिकिंगमध्ये अनामिका उशिरा सुधारते; त्यात तुमची कुचराई नाही. अंगठा त्या मानाने मोकळा, म्हणून खर्जाचा ठेका त्याच्याकडे. सी कॉर्ड धरून अंगठ्याने पाचवी-चौथी, पाचवी-चौथी एवढंच वाजवत राहायचं, इतकं की शेजारच्याशी गप्पा मारतानाही ते थांबू नये. मग तर्जनीने वरच्या तारांवर धुनेचा एकेक स्वर टाकायचा. धून शक्यतो त्याच कॉर्डमधून वेचायची, डावा हात उगाच उड्या मारायला लावू नये. पण हीच वाटणी निसर्गाने ठरवून दिली आहे असं कुणी सांगितलं, तर त्याला एलिझाबेथ कॉटन ऐकवा. नॉर्थ कॅरोलायनातली ही डावखुरी बाई उजव्या हाताची गिटार तारा न बदलता उलटी धरायची. खर्ज बोटांवर, धून अंगठ्यावर. आयुष्याची कैक वर्षं तिने लोकांच्या घरी कामं करण्यात घालवली, आणि १९८५ मध्ये, नव्वदीच्या घरात, तिला ग्रॅमी मिळालं.

‘गिटारने मेंदू वाढतो’ छापाच्या जाहिराती हल्ली फार दिसतात. त्यांच्या मुळाशी बहुधा १९९५ चा ‘सायन्स’मधला एक अभ्यास असतो. तंतुवादकांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांना जास्त जागा मिळालेली दिसली, उजव्या हाताच्या नाही. अभ्यास चांगला आहे, पण त्यात वादक नऊच होते: सहा व्हायोलिनचे, दोन चेलोचे आणि गिटारचा फक्त एक. व्हायोलिनवाल्याचा उजवा हात गज धरतो, बोटं सुटी चालवत नाही. तेव्हा फिंगरपिकिंगच्या उजव्या हाताबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही. महिन्याभरात बोटं सुटी करून देतो म्हणणाऱ्या ॲपने त्याचा दाखला दिला, तर पैसे देऊ नका.

त्यापेक्षा यंगचा प्रयोग घरी करा. गिटारची सहावी तार गुंडाळीचीच असते. रात्री खोलीतले बाकीचे दिवे घालवून एकच छोटा दिवा लावा, वेढ्यांवर ठिपके दिसेपर्यंत डोकं इकडे तिकडे करा, आणि तार छेडा. एकदा मध्यावर, एकदा ब्रिजजवळ. रेघेचा आकार बदलतो का ते पाहा. तार मात्र नवी हवी. घामाने काळवंडलेली तार चमकत नाही, आणि तिच्या वेढ्यांत मळ बसल्यामुळे वरचे हार्मोनिकही लवकर विझतात. गिटार बदलण्याआधी तारांचा नवा संच आणा. तो काही शे रुपयांत मिळतो.