घटस्फोटित मुस्लिम स्त्रीची पोटगी : इस्लामी कायदा व मानवी हक्क

इस्लामी कायदा आणि मानवी हक्क यांच्या संबंधाची चर्चा बहुधा १९४८ चा मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा व १९९० चा कैरो जाहीरनामा यांच्या तुलनेपाशीच थांबते. कैरो जाहीरनाम्याने सर्व हक्क शरीयतच्या अधीन ठेवले, हे खरे. परंतु शरीयत ही एक बंदिस्त संहिता आहे, असे या तुलनेत गृहीत धरले जाते. वस्तुतः शरीयत हा ईश्वरी मार्ग, तर फिक्ह हे त्या मार्गाचे विधिज्ञांनी केलेले आकलन होय. हनफी, मालिकी, शाफी व हंबली या सुन्नी परंपरांतच अनेक प्रश्नांवर मतभिन्नता आहे. हक्कांचा वाद घडतो तो या आकलनाच्या पातळीवर. पोटगीच्या प्रश्नाचा भारतातील इतिहास त्या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

इंदूरच्या शाहबानो यांना त्रेचाळीस वर्षांच्या संसारानंतर १९७५ मध्ये घराबाहेर पडावे लागले. त्यांनी १९७८ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली दरमहा ५०० रुपयांची मागणी केली. अर्ज प्रलंबित असतानाच व्यवसायाने वकील असलेल्या पतीने तलाक दिला. दंडाधिकाऱ्याने दरमहा २५ रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयाने ही रक्कम १७९ रुपये २० पैसे केली. मेहर दिला व इद्दतचा काळ संपला की जबाबदारी संपते, हा पतीचा युक्तिवाद होता. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या पाच सदस्यीय घटनापीठाने २३ एप्रिल १९८५ रोजी तो फेटाळला. कलम १२५ सर्वधर्मीयांना लागू आहे, एवढे कारण निकालासाठी पुरेसे होते. न्यायालयाने मात्र पुढे जाऊन कुराणातील वचनांचा (२:२४१-२४२) अर्थही सांगितला, आणि विरोधाला धार चढली ती प्रामुख्याने येथे. धर्मग्रंथाचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न पुढे आला आणि निराधार वृद्धेच्या चरितार्थाचा प्रश्न मागे पडला. अखेरीस शाहबानो यांनीच निकालाचा लाभ नाकारला.

१९८६ च्या कायद्याने पतीने 'इद्दतच्या काळात' वाजवी व न्याय्य तरतूद आणि पोटगी द्यावी, असे म्हटले. त्यानंतरचा भार नातेवाइकांवर व अंतिमतः वक्फ मंडळावर टाकला. हा कायदा निकाल निष्प्रभ करण्यासाठीच आणला गेला होता. तथापि दानियल लतीफी खटल्यात (२००१) सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द न करता त्याचे वाचन बदलले. तरतूद इद्दतच्या काळात करावयाची, पण ती त्या काळापुरती नव्हे. स्त्रीच्या भावी आयुष्याचा विचार तीत असला पाहिजे. 'तरतूद' आणि 'पोटगी' हे दोन शब्द वेगळे आहेत, या साध्या निरीक्षणावर हा अर्थ बव्हंशी उभा आहे.

तलाकबाबतही असेच घडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने दगडू पठाण खटल्यात (२००२) तलाकला वाजवी कारण व समेटाचा प्रयत्न आवश्यक ठरवला. तोंडी तिहेरी तलाक २०१७ मध्ये ३ विरुद्ध २ अशा मतांनी अवैध ठरला; परंतु बहुमतातील तिघांचे मार्ग भिन्न होते. न्या. नरिमन व न्या. लळित यांनी राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ चा आधार घेतला, तर न्या. कुरियन जोसेफ यांनी ही प्रथा कुराणाशीच विसंगत असल्याचे म्हटले. एकाच निष्कर्षाकडे घटनेतूनही जाता आले आणि धर्मशास्त्रातूनही. इस्लाम व मानवी हक्क परस्परविरोधी आहेत, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावयास हवी.

महिलांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९९३ मध्ये स्वीकारला. मात्र कोणत्याही समाजाच्या व्यक्तिगत बाबींत त्याच्या पुढाकाराशिवाय व संमतीशिवाय हस्तक्षेप केला जाणार नाही, असे निवेदनही जोडले. समाजाचा पुढाकार म्हणजे नेमका कोणाचा? हमीद दलवाई यांनी १९६६ मध्ये सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर नेला होता. तिहेरी तलाकविरुद्ध न्यायालयात गेलेल्या शायरा बानो याही त्याच समाजातल्या. पुढाकाराची मोजदाद धर्मनेत्यांपासून सुरू केली, तर या स्त्रिया गणतीतच येत नाहीत.

मोहम्मद अब्दुल समद खटल्यात १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९८६ चा कायदा असतानाही घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला कलम १२५ चा मार्ग खुला असल्याचे स्पष्ट केले. त्याच महिन्याच्या १ तारखेपासून नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली असून कलम १२५ ची जागा आता तिच्या कलम १४४ ने घेतली आहे.