पानांचे बदलते रंग

शिवाजीनगर म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर पुणे उभे राहते. बंगळूरलाही एक शिवाजीनगर आहे. १९२७ साली उभारलेल्या रसेल मार्केटच्या परिसरातील हा दाट वस्तीचा भाग. अशा वस्तीत अंगण दुर्मीळ; बागेची हौस गच्चीवर नाहीतर खिडकीतच भागवावी लागते. थोड्या मातीत आणि त्याहून थोड्या पाण्यावर जगणारी मांसल पानांची झाडे, म्हणजेच सक्युलंट, येथे फारच सोयीची ठरतात.

या झाडांविषयी एक तक्रार मात्र हमखास ऐकू येते. गुलाबी कडांचे एचेव्हेरियाचे रोप हौसेने आणावे, घरातल्या टेबलावर किंवा शाखेच्या काउंटरवर ठेवावे आणि महिन्या-दोन महिन्यांत ते साधे हिरवे व्हावे! आपण फसलो, अशी ग्राहकाची समजूत होते. मग कोणी खत घालतो, कोणी पाणी वाढवतो आणि या दुसऱ्या उपायाने रोप मुळापासून कुजते. वस्तुतः रोपाला कोणताही रोग झालेला नसतो.

पानातील हरितद्रव्य सूर्यप्रकाश टिपते व त्या ऊर्जेवर विकरांच्या साहाय्याने साखर तयार होते. प्रकाश टिपण्याच्या क्रियेवर थंडीचा फारसा परिणाम होत नाही. विकरांचे कार्य मात्र गारठ्यात मंदावते. आपल्या व्यवसायाच्या भाषेत सांगावयाचे तर ठेवींचा ओघ चालूच, पण कर्जवाटप थंडावलेले! ही विनावापर ऊर्जा पेशींना घातक ठरते. म्हणून पान आपल्या वरच्या थरात अँथोसायनिन हे तांबडे-जांभळे रंगद्रव्य साठवते. ते प्रकाशाचा काही भाग वरच्यावर शोषून घेते आणि खालच्या हरितद्रव्यावरील भार हलका करते. पाण्याची टंचाई आणि निकस माती यांमुळेही हा रंग गडद होतो. सावलीत आल्यावर या संरक्षणाची गरज उरत नाही. तांबडा रंग ओसरतो व हिरवा वर येतो.

हे रंगद्रव्य आपल्याला परके नाही. जांभळाचा आणि कोकमाचा रंग त्याचाच; आंब्याची कोवळी पालवी तांबूस दिसते तीही त्याच्यामुळेच. निवडुंगाच्या कुळात मात्र हे काम बिटाच्या रंगद्रव्याचे भाईबंद करतात, तर कडक उन्हात तांबूस होणाऱ्या कोरफडीत गाजराच्या रंगद्रव्याचा एक नातलग.

आता दोन्ही शिवाजीनगरांचे हवामान पाहू. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत तेथे रात्रीचे तापमान साधारण १५-१६ अंशांपर्यंत उतरते आणि दिवसा स्वच्छ ऊन असते. रंग चढण्यास हाच काळ उत्तम. पुण्याच्या शिवाजीनगरात थंडी याहून कडक पडते, पारा अनेकदा १० अंशांच्या आसपास येतो; तेव्हा रंग अधिक खुलावेत. परंतु तेथेच एप्रिल-मेमधील दुपारी तापमान ४० अंशांपर्यंत जाते, त्या वेळी याच झाडांना आडोसा द्यावाच लागतो. पावसाळ्याच्या ढगाळ दिवसांत तर दोन्हीकडे हिरवाच रंग भेटावयाचा.

रंग परत आणण्याच्या घाईत रोप एकदम भर दुपारच्या उन्हात ठेवू नये. सकाळचे तास-दोन तासांचे ऊन देऊन दोन-तीन आठवड्यांत ते हळूहळू वाढवावे. तांबूस छटा सावलीत ओसरते. उन्हाने भाजल्याचे तपकिरी डाग मात्र ते पान गळेपर्यंत जात नाहीत. अंधारात लांब, वेडेवाकडे वाढलेले खोडही पुन्हा आखूड होत नाही. त्याचा शेंडा छाटून, जखम काही दिवस सुकवून नव्याने लावणे हाच उपाय.

एका बाबतीत मात्र ग्राहकाची तक्रार रास्त आहे. काही ठिकाणी सक्युलंटवर चक्क रंग फवारून ती विकली जातात. गर्द निळा किंवा चकाकता सोनेरी असा सर्वत्र एकसारखा रंग दिसला की मधली नवी पाने निरखावीत. ती हिरवी आणि भोवतालची निळी असतील, तर तो रंग डब्यातला समजावा. अशा लेपाने पर्णरंध्रे बुजतात, प्रकाशही अडतो. ते रोप न घेणेच बरे.