खुराड्याच्या तळाला काय घालावं?

महाड-पोलादपुरात एका पावसाळ्यात 3,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो. इथे खुराड्याची जमीन कशाची आहे, यापेक्षा ती कोरडी किती राहते यावर कोंबड्या जगतात. गैरसमज नेमके इथेच आहेत.

सर्वांत पक्का समज म्हणजे ‘सिमेंटचा कोबा घातला की चिंता मिटली’. कोबा धुता येतो, घूस खालून उकरत नाही, हे खरं. पण सिमेंट जमिनीतली ओल वर ओढतं, आणि उघड्या कोब्यावर विष्ठेतलं पाणी मुरायला जागाच नसते. गिरिराज, वनराजसारखी वजनदार कोंबडी दांडीवरून रोज कडक कोब्यावर उडी मारते, तेव्हा तळव्याला जखम होऊन पाय सुजतात. कोबा घालायचाच तर फूटभर चौथरा उचला, दगडाच्या भरावावर प्लास्टिकचा कागद अंथरा, दाराकडे उतार द्या आणि वर 3-4 इंच भाताचं तूस पसरा.

‘शेणाने सारवलेली जमीन पूर्वापार चालत आली आहे, तीच बरी.’ उन्हाळ्यात ती बरीच आहे. पावसात मात्र ओल चढते आणि रक्ती हगवणीला वाट मिळते. या रोगाच्या परजीवीची अंडी विष्ठेतून पडतात आणि उबदार ओलाव्यात एक-दोन दिवसांत रोग पसरवण्याइतकी तयार होतात. सर्वाधिक फटका लहान पिल्लांना बसतो. आपल्याकडे पावसाळ्यात पिल्लं मेली की ‘मर आली’ म्हणून सगळा दोष मानमोडीवर ढकलला जातो. मानमोडीची लस द्यायलाच हवी, पण ती रक्ती हगवण थांबवत नाही. फिनेलच्या फवाऱ्यालाही ही अंडी सहसा दाद देत नाहीत. विष्ठेत रक्त दिसलं तर पशुवैद्यकीय दवाखाना लगेच गाठा.

‘पेंढा काय, तूस काय, सारखंच.’ अजिबात नाही. लांब पेंढ्याचा गादीसारखा थर बसतो, आत बुरशी धरते आणि ती श्वासातून कोंबड्यांच्या फुप्फुसात जाते. पेंढाच असेल तर बोटभर तुकडे करून घाला. तूस मोकळं राहतं, सहज कुजत नाही आणि भातगिरणीवर मिळतं. एक मूठ दाबून पाहा: गोळा तसाच राहिला तर तूस ओलं आहे, जरा चिकटून सुटला तर ठीक. ओलं तूस उपसून टाका. त्यावर नुसता चुना फेकला तर अमोनिया उलट जास्त सुटतो आणि कोंबड्यांचे डोळे चुरचुरतात.

लाकडी मचाण असेल तर दोन पट्ट्यांत सुमारे 1 इंच फट ठेवा आणि खालची बाजू बारीक जाळीने बंद करा, नाहीतर मुंगूस शिरतं. पिल्लांचे पाय फटीत अडकतात, त्यांना वेगळं ठेवा. वाळवी लागू नये म्हणून लाकडाला जळकं काळं ऑइल फासण्याची सवय सोडा. ते पायांना, पिसांना लागतं आणि चोचीतून पोटात जातं.

सावित्री-गांधारीच्या काठच्यांना 22 जुलै 2021चा पूर आठवत असेल. पुराचं पाणी लागलेलं तूस वाळवून पुन्हा वापरू नये. ते सगळं बाहेर काढा, जमीन धुऊन पूर्ण सुकू द्या, मगच नवं घाला.

तुसाची पोती मे महिन्यातच आणून माळ्यावर ठेवा. जुलैत कोरडं तूस मिळणं कठीण.