पेशीतील लेखापरीक्षक : मुखाचा व घशाचा कर्करोग आणि अर्बुदरोधक जनुके



वार्षिक अहवालात जमाखर्चाबरोबर एखाद्या आजाराची शास्त्रीय माहिती सुलभ भाषेत द्यावी, असा आमचा प्रयत्न असतो. यंदा मुख, घसा व स्वरयंत्र यांच्या कर्करोगाचा विषय घेतला आहे. त्यास दोन कारणे आहेत. रुग्णाचे नातेवाईक वारंवार विचारतात, "हा रोग आमच्या रक्तातच आहे का? मुलांनाही होणार का?" दुसरीकडे, काही देणगीदार आपुलकीने सुचवितात की, रुग्णालयाने आता जनुक-तपासणीची सोय करावी. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे 'अर्बुदरोधक जनुके' समजून घेतल्यास मिळतात. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेतील असल्याने तज्ज्ञ डॉक्टरांकडून जे उमगले, ते हिशेबाच्या भाषेतच मांडत आहोत.

आजाराची व्याप्ती

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात ओठ व मुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४४ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ८० हजार रुग्ण दगावले. भारतीय पुरुषांमध्ये हा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. तंबाखू, सुपारी व मद्य ही त्याची प्रमुख कारणे होत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ व्यक्ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करतात, असे दिसले. त्यांपैकी बहुतेकांचे व्यसन धुराचे नसून तंबाखू-चुना, मिश्री, खर्रा, मावा अशा प्रकारांचे आहे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. परंतु तंबाखू व सुपारी वेगवेगळी घेऊन एकत्र खाण्याची सवय सुटलेली नाही.

दोघांपैकी कोणाही एकाची सही

आपल्या पेशींत वाढीस चालना देणारी जनुके असतात, तशीच वाढीस लगाम घालणारीही असतात. या लगाम घालणाऱ्या जनुकांस अर्बुदरोधक जनुके म्हणतात. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, दुसरी वडिलांकडून. बँकेतील संयुक्त खात्यावर 'दोघांपैकी कोणाही एकाची सही' चालते, त्याप्रमाणे एक प्रत निकामी झाली तरी दुसरीवर काम भागते. दोन्ही प्रती गेल्या की मात्र लगाम सुटतो. अमेरिकेतील डॉ. आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली लहान मुलांच्या डोळ्यातील कर्करोगाचा अभ्यास करून हा 'दोन आघातांचा' सिद्धान्त मांडला. पुढे १९८६ मध्ये त्या रोगाशी निगडित 'आर-बी' हे जनुक प्रत्यक्ष हाती आले.

पी-५३ व पी-१६

मुखाच्या व घशाच्या कर्करोगात दोन जनुकांचे महत्त्व विशेष आहे. पहिले सतराव्या गुणसूत्रावरील पी-५३. याचे प्रथिन १९७९ साली सापडले. प्रथम ते कर्करोगाला साहाय्य करणारे समजले गेले. दहा वर्षांनी, १९८९ च्या सुमारास, ते वस्तुतः रोधक असल्याचे सिद्ध झाले. याचे काम उत्तम अंतर्गत लेखापरीक्षकासारखे आहे. पेशीच्या जनुकीय नोंदीत चूक दिसताच ते पेशीचे विभाजन थांबविते, चूक दुरुस्त करण्यास अवधी देते आणि दुरुस्ती अशक्य असल्यास ते खातेच बंद करते, म्हणजे त्या पेशीस नष्ट होण्यास भाग पाडते. हा परीक्षक हटला की सदोष पेशी निर्वेधपणे वाढू लागतात. येथे सहीच्या दाखल्याला एक अपवाद आहे. बिघडलेल्या प्रतीपासून तयार झालेले पी-५३ प्रथिन कित्येकदा चांगल्या प्रतीच्या प्रथिनाच्या कामातही अडथळा आणते; त्यामुळे पहिला आघातही निरुपद्रवी राहत नाही.

दुसरे नवव्या गुणसूत्रावरील पी-१६. पेशी-विभाजनाच्या दाराला आर-बीचे कुलूप असते. पी-१६ ते कुलूप अकाली उघडू देत नाही. मुखातील पांढऱ्या किंवा लाल चट्ट्यांच्या अवस्थेतच नवव्या गुणसूत्राचा हा भाग अनेकदा गळालेला आढळतो. अर्थात, गाठ दिसण्याच्या कितीतरी आधीपासून हिशेब बिघडू लागलेला असतो.

अमेरिकेतील एका मोठ्या प्रकल्पाने २०१५ साली डोके व मान या भागातील २७९ कर्करोगांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला. एचपीव्ही विषाणूचा संबंध नसलेल्या अर्बुदांपैकी सुमारे ८४ टक्क्यांत पी-५३ बिघडलेले होते. आपल्या देशापुरते पाहता, नवी मुंबईतील खारघरचे अ‍ॅक्ट्रेक व पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकविज्ञान संस्था यांच्या सहभागाने हिरडी व गाल येथील कर्करोगाचा अभ्यास झाला. तंबाखू चघळणाऱ्यांत हा प्रकार विशेष आढळतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पी-५३ सह फॅट-१, कॅस्पेज-८, नॉच-१ ही परिचित जनुके तर बिघडलेली आढळलीच. शिवाय या रोगाशी संबंध पूर्वी ठाऊक नसलेली काही जनुकेही पुढे आली.

विषाणूचा निराळा मार्ग

टॉन्सिल व जिभेचे मूळ येथील काही कर्करोग एचपीव्ही-१६ या विषाणूमुळे होतात. हा विषाणू जनुकात बदल घडवीत नाही. त्याचे एक प्रथिन पी-५३ चा नाश घडविते, तर दुसरे आर-बीला निष्प्रभ करते. जनुक शाबूत राहत असल्याने असे रुग्ण उपचारांस सहसा अधिक चांगला प्रतिसाद देतात. या प्रकारात पी-१६ प्रथिनाचे प्रमाण उलट वाढते. म्हणून घशाच्या त्या भागातील अर्बुदात पी-१६ ची साधी तपासणी उपयुक्त ठरते. भारतातील मुखाच्या कर्करोगात मात्र या विषाणूचा वाटा अल्प आहे.

दोन प्रश्नांची उत्तरे

आता नातेवाइकांच्या प्रश्नाकडे वळू. मुखाच्या कर्करोगातील जनुकांचे हे बिघाड बहुतांश रुग्णांत जन्मजात नसतात. तंबाखूतील नायट्रोसामाइन, मद्यापासून शरीरात तयार होणारे अ‍ॅसिटाल्डिहाइड अशा द्रव्यांमुळे ते त्या जागेच्या पेशींत वर्षानुवर्षे साचत जातात. हे बदल बीजपेशींत नसल्याने अपत्यांकडे जात नाहीत. ली-फ्रामेनी किंवा फॅन्कोनी यांसारखे आनुवंशिक विकार असलेली कुटुंबे क्वचित आढळतात. त्यांना तज्ज्ञांचा सल्ला आवश्यक असतो. परंतु वडिलांना गालाचा कर्करोग झाला म्हणून मुलीच्या विवाहात शंका काढणे, यास शास्त्राचा कोणताही आधार नाही. वारशाने जाण्याची भीती असलीच तर ती जनुकाची नसून घरातील तंबाखूच्या डबीची आहे.

देणगीदारांच्या प्रश्नाचे उत्तरही स्पष्ट आहे. पी-५३ बिघडले आहे हे कळल्याने मुखाच्या कर्करोगाचा प्रचलित उपचार बदलत नाही. शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधोपचार रोगाच्या टप्प्यानुसारच ठरतात. निर्दोष पी-५३ विषाणूद्वारे अर्बुदात पोहोचविणाऱ्या औषधास चीनमध्ये २००३ साली मान्यता मिळाली, तथापि जगात अन्यत्र तो रूढ उपचार झालेला नाही. याउलट, केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्य-कार्यकर्त्यांनी केवळ डोळ्यांनी मुखतपासणी केली. त्याचे २००५ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे की, तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांत मुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. पुरेसा उजेड व प्रशिक्षित नजर, एवढेच त्याचे भांडवल होते.

म्हणूनच उपलब्ध निधी मुखतपासणी, संशयास्पद चट्ट्याची बायॉप्सी, तंबाखूमुक्तीचे समुपदेशन व फेरतपासणी यांवर खर्च करणे आम्हांस अधिक उचित वाटते. फेरतपासणीचे महत्त्व विशेष आहे. गाठ काढली तरी भोवतालच्या, वरकरणी निरोगी दिसणाऱ्या त्वचेतही पेशींचा बिघाड शिल्लक असू शकतो आणि तेथे दुसरा कर्करोग उद्भवू शकतो, हे अमेरिकेतील डॉक्टरांनी १९५३ सालीच दाखविले होते. शस्त्रक्रिया झाली, आता भीती गेली, असे समजून पुन्हा तंबाखूकडे वळणारा रुग्ण उरलेल्या परीक्षकांनाही घालवून बसतो.

वाचकांस आमची नम्र विनंती आहे : तोंडात तीन आठवड्यांहून अधिक काळ न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे, आवाजातील घोगरेपणा किंवा मानेतील गाठ आढळल्यास विलंब न करता तपासणी करून घ्यावी. आपण दिलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब या अहवालात आहेच. त्या रुपयाने रोग वेळेत ओळखला जावा, हीच आमची इच्छा आहे.