एका दिवसाचा गोवा : पणजी ते लाटंबार्से

पेढीवर बसणाऱ्या माणसाला सलग आठ दिवसांची मोकळीक क्वचितच मिळते. दिवाळीचे वहीपूजन उरकले, की दोन-तीन दिवस हाती येतात व आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे त्या दिवसांत गोव्याची वाट धरतात. त्यातील एक दिवस समुद्रकिनाऱ्यावर जातो आणि एक दिवस ‘गोवा दर्शना’च्या मोटारीत.

गेल्या वर्षी आम्हीही सहकुटुंब अशा एका मोटारीत बसलो होतो. मोटार कोणाची होती, हे सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. पुरातन गोव्याच्या भव्य चर्चसमूहापुढे आम्हांस पंचवीस मिनिटे मिळाली व काजूच्या एका दुकानापुढे चाळीस. वाटाड्याला दुकानदाराकडून काही मिळत असावे. दलाली हा शब्द आपल्याला परका नाही आणि उघड घेतलेल्या दलालीत लाज वाटण्याजोगे काहीच नाही; परंतु येथे माल आमच्या वेळेने विकला जात होता आणि ते आम्हांस कोणी सांगितले नव्हते. परतताना सूर्य कधीच मावळून गेला होता. चौविहार पाळणाऱ्या आमच्या मातोश्री त्या दिवशी संध्याकाळच्या भोजनावाचून राहिल्या. त्या काही बोलल्या नाहीत, आणि ते अधिक लागले.

एका दिवसाच्या सहलीचा हा धंदा काही आजचा नव्हे. ५ जुलै १८४१ रोजी इंग्लंडमध्ये थॉमस कुक या गृहस्थाने लेस्टरहून लफबरोला सुमारे ५०० माणसे एक शिलिंग भाड्यात आगगाडीने नेऊन परत आणली. पुढे त्यातूनच प्रवासाची मोठी पेढी उभी राहिली. भूमध्य समुद्राच्या काठची नगरे तर आज या धंद्यावर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून आहेत. सकाळी बोट नेपल्सला लागते, प्रवासी पाँपेईचे उत्खनन पाहून येतात व संध्याकाळी बोट सुटते.

अशा सफरीवर जाऊन आलेले आमचे एक व्याही मोठी मौजेची हकीकत सांगतात. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेलेले ते शहर. त्याच्या रस्त्यांवर गाड्यांच्या चाकोऱ्या आहेत आणि दुकानांचे दगडी गल्ले आहेत. एका घराच्या उंबऱ्यावर तर ‘लाभाचे स्वागत असो’ अशा अर्थाची अक्षरे सापडली. त्यांच्या वाटाड्याने बोलता बोलता पाहुण्यांचा व्यवसाय विचारून घेतला होता. म्हणून त्याने देवळांपुढची मिनिटे वाचवून त्यांना त्या उंबऱ्याची गोष्ट सांगितली. आमचे व्याही आपल्या दारावरचे ‘शुभ-लाभ’ आठवून तेथेच थबकले. इटलीत वाटाड्याला परीक्षा देऊन सरकारी परवाना मिळवावा लागतो. पण पाहुणा कोण आहे हे ओळखणे कोणत्याही परीक्षेत शिकवीत नसावेत.

पणजीला पुष्कळजण ‘आपल्याकडचे भूमध्य नगर’ म्हणतात. पोर्तुगाल स्वतः अटलांटिकच्या काठी आहे, ही गोष्ट सोडून देऊ. फोंतेन्यास वाड्यातील पिवळ्या, निळ्या, तांबड्या भिंती, कौलारू छपरे, लोखंडी कठड्यांचे सज्जे आणि १८१८ सालचे सेंट सेबॅस्टियनचे छोटे चर्च पाहताना तसा भास होतो खरा. १८४३ साली पणजी राजधानी झाली आणि नगरीला हे रूप चढत गेले. तासाभरात पायी हिंडून होण्यासारखा हा भाग आहे. पाहुण्यांचे लोंढे मात्र येथून पुन्हा किनाऱ्याकडेच वळतात. डिचोली तालुक्याकडे वळणारी मोटार विरळा.

म्हणून यंदा आम्ही दर्शनाची मोटार न घेता स्वतंत्र गाडी ठरविली. चालक डिचोलीचाच निघाला. पूर्वी तो खाणीवरून नदीच्या धक्क्यापर्यंत लोहखनिजाचे ट्रक हाकीत असे. २०१२ साली खाणी थांबल्या, मग सुरू झाल्या, २०१८ साली न्यायालयाच्या निर्णयाने पुन्हा थांबल्या. दुसऱ्या खेपेस त्याने ट्रक विकला व ही गाडी घेतली. “शेठ, खनिज एकदा गेलं की गेलं, पाहुणा परत येऊ शकतो,” असे तो म्हणाला. हिशेब चोख होता.

सकाळी सात वाजता निघालो. सतराव्या शतकात बांधलेल्या दगडी बांधावरून रायबंदरला, तेथून फेरीबोटीने दिवाडी बेटावर, आणि बेट ओलांडून दुसऱ्या फेरीबोटीने नार्व्याला. हीच वाट निवडण्यास कारण आहे. गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत सप्तकोटीश्वर. त्यांच्या नाण्यांवरही त्याचे नाव असे. त्याचे देऊळ मूळ दिवाडीवर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात ते पाडले गेले व भक्तांनी देव नदीपार नार्व्याला आणला. १६६८ साली शिवाजी महाराजांनी तेथील मंदिराचा जीर्णोद्धार करविला. तसा शिलालेख मंदिरावर आहे. आपण ज्या पाण्यावरून जात आहोत तेच पाणी ओलांडून देव गेला, हे कळल्यावर आमची धाकटी कन्या फेरीबोटीच्या कठड्याशी उभी राहिली ती काठ येईपर्यंत हलली नाही. दर्शनाच्या मोटारीत हीच मुलगी झोपली होती.

नार्व्यात एक सेवानिवृत्त शिक्षक आमच्याबरोबर आले. मंदिर दाखवून झाल्यावर त्यांनी आमच्या आडनावाची चौकशी केली व क्षणभर थांबून म्हणाले, “मग तुम्हांला जैन कोट दाखवायलाच हवा.” मंदिरापासून थोड्याच अंतरावर, झाडोऱ्यात, जांभ्या दगडाच्या पडक्या भिंती उभ्या आहेत. गाव त्यांना जैन कोट म्हणते. मूर्ती नाही, पूजा नाही. दगडांच्या सांध्यांतून मुळे उतरली आहेत. नव्वदीला टेकलेल्या मातोश्रींनी पायांतील वहाणा काढल्या व हात जोडून उभ्या राहिल्या. गुरुजीही मग वहाणा काढून बाजूला उभे राहिले.

साखळीजवळच्या कुडणे गावीही जैन मंदिराचे अवशेष आहेत. गावकरी त्या स्थळाला ‘गुजीर’ म्हणतात, आणि हे नाव गुर्जर व्यापाऱ्यांवरून पडले असावे असा तर्क केला जातो. फोंडा तालुक्यात बांदिवड्याला नेमिनाथ बस्तीचे भग्न अवशेष आहेत ते निराळेच. जेथे व्यापारी येऊन राहिला, तेथे त्याने वखारीबरोबर देऊळ उभारले. वखारी नाहीशा झाल्या, देवळांच्या भिंती अर्ध्यामुर्ध्या उरल्या. जांभा हा सच्छिद्र दगड. गोव्याचा चार महिन्यांचा पाऊस त्याला सोसत नाही असे नाही, पण वर छप्पर नसले आणि मुळे शिरली की तो ढासळतो. ज्या जागी माणसाचा वावर नाही, तेथे पडलेला चिरा कोणाच्या ध्यानातही येत नाही. वर्षाला आपली शंभर कुटुंबे जरी येथे येऊन गेली, तरी त्या पडलेल्या चिऱ्याची बातमी कोठेतरी पोहोचेल.

दुपारचे भोजन आम्ही डब्यातले, डिचोलीत एका ओळखीच्या ओसरीवर घेतले. मातीची भांडी घडविणाऱ्या येथील कुंभारांचा लौकिक आहे. सौभाग्यवतींनी चार पणत्या व एक मडके घेतले आणि भाव केला नाही, हे मी मुद्दाम नोंदवितो.

तेथून उत्तरेला लाटंबार्से. हा गोव्याचा शेवटचा टप्पा; पुढे दोडामार्ग, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्हा. कासारपालला कालिकादेवीचे देऊळ आहे व दैवज्ञ समाजातील अनेक कुटुंबांची ती कुलदेवता होय. देवळापुढच्या प्रशस्त अंगणात आम्ही बराच वेळ बसलो. आज या रस्त्याने भाजीचा टेम्पो सीमा ओलांडतो तेव्हा कोणी मान वर करून पाहत नाही. १९५५ साली भारताने आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा गोव्यात बटाटे हॉलंडहून व चहा सिलोनहून येत असे. शेजारच्या गावचा माल मात्र या सीमेवर अडे. १९ डिसेंबर १९६१ नंतर ती सीमा राहिली ती नकाशावर. आता पेडण्यात मोपा येथे २०२३ पासून विमाने उतरू लागली आहेत, त्यामुळे हा भाग पाहुण्यांना पूर्वीइतका आडवाटेचा राहिलेला नाही.

पाच वाजण्यापूर्वी लाटंबार्से सोडले. सूर्यास्ताच्या आत मातोश्रींचे भोजन मुक्कामी झाले.

गुरुजींनी मानधन घेण्याचे साफ नाकारले होते. “मी काही वाटाड्या नव्हे,” असे त्यांचे म्हणणे. मी पाकीट पुढे केले, त्यांनी मागे सारले. शेवटी चालकाने तोड काढली. गावच्या शाळेतील मुलांसाठी वह्या पाठवाव्यात, ते गुरुजी घेतील. घरी आल्यावर सौभाग्यवतींनी प्रवासखर्चाच्या वहीत ‘काजू’ या मागील वर्षीच्या रकमेखाली नवी रक्कम लिहिली : ‘नार्वे, वह्या, सहा डझन.’ पार्सल कार्तिकी पौर्णिमेच्या आधी रवाना झाले.